शेगडी कोण विसरलं?

१

अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या त्या घराचं गॅरेज निम्मं जळून गेलं होतं, आणि घराचा मालक त्या राखेपुढे उभा राहून निवांत कॉफी पीत होता.

"नीलांबरी म्हणजे आपल्याच की!" तो हसून म्हणाला. "मला वाटलं कोणी गोरा येईल आणि त्याला मखर म्हणजे काय इथपासून समजावत बसावं लागेल. तुम्ही कुठल्या, पुण्याच्या का?"

"विमा कंपनीकडून आलेय," नीलांबरी म्हणाली आणि तिने हातमोजे चढवले.

ती इलेक्ट्रिकल इंजिनियर होती. जळालेल्या घरांत जायचं, आग कशाने लागली ते शोधायचं आणि विमा कंपनीला कळवायचं, हे तिचं काम. या कामात तिने माणसं बरीच पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल तिचं मत काही चांगलं झालं नव्हतं. त्यातून ज्यांनी इंजिनियरिंगची डिग्री भिंतीवर टांगलेली असते आणि जन्मात कधी स्क्रू ड्रायव्हर धरलेला नसतो, अशांचा तर तिला मनापासून तिटकारा होता. हा सत्यजित त्यातलाच. डिग्री इलेक्ट्रिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची आणि बोलण्याचा थाट असा की वीज याच्याच आजोबांनी शोधून काढली.

"मॅटर एकदम सिंपल आहे," सत्यजित म्हणाला. "आई फोडण्या इथे गॅरेजमध्ये करते. आत केल्या की स्मोक अलार्म केकाटतो आणि अस्मिताला, माझ्या बायकोला, पडद्यांना वास लागलेला चालत नाही. तर ही आईची शेगडी, अलिबागहून बॅगेत घालून आणलेली. शनिवारी दुपारी तिने आमटीला फोडणी दिली आणि शेगडी बंद करायला विसरली. नंतर दोघी एडिसनला मंगळागौरीला गेल्या. संध्याकाळी शेजारचं मखर पेटलं. यंदा मंडळाचा गणपती आमच्याकडे बसणार होता ना, अख्खं थर्माकोलचं देऊळ होतं इथे. खल्लास!"

"शनिवारी मंगळागौर?"

"मंगळवारी इथे सुट्टी कोण देतो? देवीसुद्धा वीकेंडला येते."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"वर. ऑफिसचा कॉल चालू होता, कानाला हेडफोन. अलार्म वाजला तेव्हा कळलं." त्याने सुस्कारा सोडला. सुस्कारा चांगला जमला होता, बहुतेक बऱ्याच जणांपुढे सोडून झाला असावा. "काय आहे, आईची मेमरी जातेय. डॉक्टरला दाखवलंय. येत्या गुरुवारचं तिकीट काढलंय. तळेगावला एक होम आहे, असल्या पेशंटची छान काळजी घेतात. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये एक लाइन लिहा, शेगडी चालू राहिली होती म्हणून. क्लेमचं काम होईल आणि डॉक्टरांच्या फाइललाही एक पेपर होईल."

आईला कुठेतरी नेऊन ठेवायला याला विमा कंपनीचा कागद हवा होता. नीलांबरी शेगडीपाशी खाली वाकली.

शेगडी जुन्या पद्धतीची होती. चिनीमातीच्या बैठकीत वेटोळं घातलेली तार, बाजूला पत्र्याची पट्टी, पट्टीवर अक्षरं: २३० व्होल्ट, २००० वॅट. चिनीमाती तडकली होती, पण तार शाबूत होती. तिची वायर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेली होती. नीलांबरीने प्लग ओढून काढला. सॉकेटच्या भोकांत आतपर्यंत काजळी गेली होती.

"वायरिंगला नावं ठेवू नका हं," सत्यजितने फोन पुढे केला. "घराची एकेक लाइन मी अॅपवर बघतो. हे बघा, आग लागली त्या वेळचं. व्होल्ट २४०, अँपिअर ९, वॅट २१६०. ही गाडीच्या चार्जरची लाइन, गाडी चार्जिंगला होती. बाकी ठिकाणी फ्रिज-बिज, नेहमीचंच. गॅरेजचं हे साधं सॉकेट तेवढं अॅपमध्ये येत नाही, नाहीतर शेगडीपण दिसली असती."

"मला या अॅपचं लॉगिन लागेल. पूर्ण दिवसाचं बघायचंय."

"घ्या की. त्यात काय आहे!"

माणसाला आपल्याच घरातल्या वस्तू वाचता आल्या नाहीत की तो असा उदार होतो. नीलांबरी गाडीच्या चार्जरकडे वळली. चार्जरची जाड केबल हुकाला टांगलेली होती. तिच्या प्लगचे पितळी दांडे काळेकुट्ट झाले होते. आणि भिंतीवरच्या ज्या मोठ्या सॉकेटात तो प्लग जायचा, त्या सॉकेटचा चेहरा मात्र लख्ख स्वच्छ होता.

२

सुमित्राबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. नीलांबरी आत आली तेव्हा त्या नळ बंद आहे का ते बघत होत्या. मग त्यांनी स्टोव्हची बटणं एकेक करून चाचपली. मग परत नळ.

"मावशी, बसा ना. मी आगीचं बघायला आलेय."

"माझ्यामुळे लागली गं," त्या लगेच म्हणाल्या. "म्हणजे सगळे तसं म्हणतात. मला विचारशील तर मी बंद केली होती. कढई उतरवली, शेगडीचं बटण बंद केलं, वर प्लगपण काढला. हात आठवतो मला माझा. पण सत्या म्हणाला, आई, तुला वाटतंय तसं. आता मलाही कळत नाही."

"शेगडी इथे चालते कशी? भारतातली आहे ती."

"कसली चालते! मेली इथली वीज पाणचट. तार लालसुद्धा होत नाही धड. मोहरी टाकून मी अथर्वशीर्ष म्हणायला घेते, तेव्हा कुठे शेवटाला तडतडते. अस्मिता म्हणाली इथली नवी घेऊन देते. पण मला हिची सवय. आणि आता बघ, तिनेच घर जाळलं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझी आई शेवटी शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कोणाच्या? मी तिची थोरली लेक! मला मरणाची भीती नाही वाटत. पण असं नको. तळेगावला पाठवतायत त्याचंही काही नाही, बाई. पण मी जर खरंच विसरायला लागले असेन, तर एक दिवस हा सत्यासुद्धा मला ओळखू येणार नाही."

नीलांबरीने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. या बाईला घर जळाल्याचं दुःख नव्हतंच. आपल्याच डोक्यावर पहारा देत ती घरभर फिरत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी चित्रं दाखवली, आकडे विचारले. ते मी सांगितलं सगळं. पण मग सत्याने त्यांना ते दुसरं सांगितलं."

"दुसरं काय?"

सुमित्राबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"शनिवारी एडिसनहून आलो, तर दारात बंब. मी गॅरेजपाशी गेले. धूर, प्लॅस्टिक, सगळा घाण वास. आणि त्यात मला तळलेल्या बोंबलाचा वास आला. स्पष्ट. मी बोलूनही गेले. आता या घरात सून कांदासुद्धा श्रावणात आणत नाही, मासा कुठला येणार? सत्याने डॉक्टरांना सांगितलं, घरात मासे नसताना आईला माशांचा वास येतो. डॉक्टर म्हणाले, असे भास होतात या आजारात. तेव्हापासून मी गप्पच बसले."

३

अस्मिता औषधांच्या कंपनीत आकडेवारीचं काम करायची. तिच्या बोलण्यातही तसाच हिशोबीपणा होता.

"तुम्हाला वाटत असेल की सून सासूला घालवायला बघतेय," ती म्हणाली. "मला त्यांच्या फोडणीचा त्रास व्हायचा, हे खरं आहे. पण त्यांचा नाही. पण गॅरेज जळालं ना? उद्या घर जळेल. मी काय करू?"

"शेगडी चालू राहिली, हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. सत्यजितने सांगितलं."

"निघताना गॅरेजमधूनच निघालात ना?"

"हो. मी गाडी बाहेर काढली, आई बाजूला उभ्या होत्या."

"मग शेगडी दिसली असेल."

अस्मिता विचारात पडली. "कढई आत नेलेली होती. शेगडी... मला काही लाल-बिल दिसलं नाही. पण आई म्हणतात ती कधी लाल होतच नाही. आणि खरं सांगू, माझं सगळं लक्ष बॅटरीकडे होतं. एडिसनपर्यंत पुरेल की नाही, तिथे चार्जर मिळेल की नाही. परत येतानापण तेच टेन्शन."

"घरात मासे येतात?"

प्रश्न ऐकून अस्मिताने नाक मुरडलं. "आमच्याकडे? लग्नाआधी सत्यजितने माझ्या आईबाबांसमोर सांगितलंय की सोडलं म्हणून. आता तर तो मंडळाचा होणारा अध्यक्ष. श्रावण पाळतोय, रोज ग्रुपवर उपासाच्या ताटाचे फोटो टाकतो."

नीलांबरीने हे टिपून घेतलं. उपासाच्या ताटाचे फोटो टाकणाऱ्या पुरुषांवर तिने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.

"मखराशी आणखी कोणाचा संबंध होता?"

"दिगंबरकाकांचा. त्यांनीच केलं होतं ते. आणि एक सांगू का? काकांचं आणि सत्यजितचं अजिबात पटत नाही. अध्यक्षपद काकांना सोडायचं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते आमच्या घरी येऊन गेलेत."

४

दिगंबरकाका चार घरं सोडून लेकीकडे राहायचे. नागपूरला वीज मंडळातून निवृत्त झालेले. नीलांबरीने नाव सांगायच्या आधीच त्यांनी तिला शॉर्टसर्किटवर व्याख्यान द्यायला सुरुवात केली.

"मला विचारा! तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर सांभाळले. या आयटीच्या पोरट्यांना फ्यूज आणि फणस यातला फरक कळत नाही. आणि हे म्हणे अध्यक्ष होणार!"

"काका, शनिवारी तुम्ही तिथे गेला होतात. विजेचं सगळं तुम्हाला कळतं. आणि सत्यजितवर तुमचा राग आहे. लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

काका ताडकन उठून बसले. "मी? मी माझं मखर जाळीन? अहो, महिनाभर बोटं कापून घेतली त्या थर्माकोलपायी! पांढरं देऊळ कोरून तयार होतं, फक्त रंग राहिला होता. रंगाचे डबेच द्यायला गेलो होतो मी. आणि त्या दिवट्याने मला आतसुद्धा घेतलं नाही."

"म्हणजे?"

"एरवी आम्ही गॅरेजमधूनच जातो. त्या दिवशी गॅरेज बंद. पुढची बेल वाजवली. बऱ्याच वेळाने आला हात पुसत. दारातच उभा. म्हटलं, मला आत मखर बघू दे. तर म्हणतो, काका, ऑफिसचं काम आहे, नंतर या. मीही इरेला पेटलो. तिथेच दारात त्याला मंडळाच्या घटनेवरून चांगला फैलावर घेतला. बराच वेळ. तेवढ्यात आतून अलार्म वाजला."

"म्हणजे अलार्म वाजला तेव्हा तो तुमच्यासमोर दारात होता?"

"दारातच! तोंडाला फेस आणला होता मी त्याच्या."

वर कॉल, कानाला हेडफोन! नीलांबरीने मनातल्या मनात सत्यजितला शंभरपैकी शून्य मार्क दिले. धड थापही मारता येत नाही लेकाला.

"काका, तो हात पुसत आला म्हणालात. हाताला काय लागलं होतं?"

"बोटं पिवळी झाली होती ना. मला जरा बरंच वाटलं तेव्हा. म्हटलं, चला, पोरगं मखराला रंग तरी द्यायला लागलं."

"रंगाचे डबे त्या वेळी कुठे होते, काका?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. डबे त्या वेळी त्यांच्या याच हातांत होते.

५

सत्यजितच्या जेवणाच्या टेबलावर नीलांबरीने ती तडकलेली शेगडी ठेवली आणि लॅपटॉपवर अॅप उघडलं. समोर अस्मिता बसली होती. नवरा वर मीटिंगमध्ये होता. या वेळी खरोखरच.

"तुम्हाला आकडे कळतात म्हणून तुम्हाला दाखवते," नीलांबरी म्हणाली. "शनिवारची दुपार. ही लाइन बघा, नाव आहे 'बाहेरचे दिवे'."

"हो, अंगणातले."

"भर दुपारी कोणी अंगणात दिवे लावतं? १२० व्होल्ट, साडेचार अँपिअर. थोडा वेळ चालू आणि मग बंद."

"मग हे काय आहे?"

"इथल्या कितीतरी घरांत गॅरेजचं सॉकेट आणि बाहेरचे दिवे एकाच लाइनवर असतात. तुमच्या नवऱ्याला वाटलं हे सॉकेट अॅपमध्ये येतच नाही. आताच मी तिथे माझा दिवा लावून पाहिला, तर तो इथे दिसला. आता गणित बघा, शाळेतलंच आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा अवरोध निघतो, म्हणजे ती तार विजेला किती अडवते तो आकडा. एकशेवीस भागिले साडेचार."

"सव्वीस पूर्णांक सदुसष्ट," अस्मिता म्हणाली.

"ओहम. आता ही शेगडी." नीलांबरीने अवरोध मोजायच्या मल्टिमीटरची दोन टोकं तारेला लावली. आकडा क्षणभर डुगडुगला आणि सव्वीस पूर्णांक सहावर थांबला.

"म्हणजे दुपारची ती लाइन म्हणजे आईंची शेगडी," अस्मिता सावकाश म्हणाली. "आणि ती..."

"ती त्यांनी बंद केली. तुम्ही निघण्याआधी. त्यानंतर दिवसभर त्या सॉकेटमधून काडीची वीज गेलेली नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दुपारी जेमतेम पाचशे चाळीस वॅट. इथे साध्या सॉकेटला भारताच्या निम्मेच व्होल्ट, म्हणून दोन हजारांची शेगडी त्यावर एवढीच चालते. मोहरी तडतडायला अथर्वशीर्ष लागतं ते म्हणूनच."

अस्मिताने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! मग आग कशाने लागली?"

"आता संध्याकाळ बघा. गाडीच्या चार्जरची लाइन. २४० व्होल्ट, ९ अँपिअर. भागा."

अस्मिताने भागलं. तिने परत भागलं.

"तोच आकडा," ती म्हणाली. "पण सत्यजित म्हणाला ती गाडी होती. चार्जिंगला."

"तुमची गाडी भिंतीतून घेते किती? तीसच्या वर अँपिअर. नऊ नाही. आणि दुसरं..."

"दुसरं मला कळलं," अस्मिता उठून उभी राहिली. तिचा आवाज बदलला होता. "गाडी तर माझ्याकडे होती. एडिसनला."

६

सगळे दिवाणखान्यात जमले. दिगंबरकाका बोलावल्याशिवायच आले होते आणि सर्वात चांगल्या खुर्चीत बसले होते. सुमित्राबाई सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या. आता आपला निकाल लागणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"रिपोर्ट तयार आहे," नीलांबरी म्हणाली. "मावशी, तुम्ही शेगडी बंद केली होती. प्लगही काढला होता."

सुमित्राबाईंनी मान वर केली.

"काय बोलताय!" सत्यजित हसला. "अहो, शेगडीवरूनच आग लागली. फायरवाल्यांनी लिहिलंय."

"शेगडीवरूनच लागली. पण ती संध्याकाळी दुसऱ्याने लावली होती. गाडीच्या सॉकेटमध्ये."

"कायच्या काय! अॅप बघा ना. दुपारी शेगडीचे तुम्ही म्हणता पाचशे चाळीस वॅट, संध्याकाळी एकवीसशे साठ. चौपट! एकच वस्तू कशी असेल?"

नीलांबरीने एक दीर्घ श्वास घेतला. हे वाक्य तो म्हणणार याची तिला खात्री होती, तरी ते ऐकताना तिला लाजच वाटली. एका अख्ख्या कॉलेजने या माणसाला पास केलं होतं.

"नुसते वॅट काय बघता? तार तीच, अवरोध तोच. व्होल्ट दुप्पट केले की त्याच तारेतून वीजही दुप्पट जाते. साडेचारचे नऊ. आणि दुप्पट गुणिले दुप्पट किती होतात, ते बालवाडीत विचारा. चौपटच व्हायला हवे, आणि चौपटच झाले. दुपारी सव्वीस पूर्णांक सदुसष्ट, संध्याकाळी सव्वीस पूर्णांक सदुसष्ट. हा त्या शेगडीच्या अंगठ्याचा ठसा आहे, सत्यजित. तो तुम्ही स्वतः हौसेने मला फोनवर दाखवलात."

"वा!" दिगंबरकाका म्हणाले. "आमच्या वीज मंडळात असतं ना हे पोरगं, तर पहिल्याच दिवशी खांबाला चिकटलं असतं."

"काका, प्लीज!" सत्यजित ओरडला. "आणि मीच कशावरून? काकांना वीज कळते. हे आले होते त्या दिवशी!"

"काका पुढच्या दारात होते. तुमच्यासमोर. अलार्म वाजेपर्यंत. तुम्ही मला सांगितलं होतं की तुम्ही वर हेडफोन लावून बसला होतात." नीलांबरी त्याच्याकडे पाहत बोलत राहिली. "आगीत जे उघडं असतं त्याच्यावर काजळी बसते आणि जे झाकलेलं असतं ते स्वच्छ राहतं. गाडीच्या चार्जरचा प्लग काळा आहे, म्हणजे तो बाहेर लटकत होता. त्याचं सॉकेट स्वच्छ आहे, म्हणजे त्यात त्या वेळी दुसरं काहीतरी खोचलेलं होतं. आणि साध्या सॉकेटच्या भोकांत काजळी आहे, म्हणजे आगीच्या वेळी ते रिकामं होतं. शेगडीचा प्लग तिथे नंतर नेऊन खोचला, बंब गेल्यावर. त्या वेळी गॅरेजमध्ये कोण होतं?"

"मी आणि आई घरात होतो," अस्मिता म्हणाली. "हा एकटाच साफसफाई करत होता. आम्हाला येऊ देत नव्हता, धूर आहे म्हणून. सत्यजित, काय करत होतास तू त्या शेगडीवर?"

सत्यजित जमिनीकडे बघू लागला.

"त्याची बोटं पिवळी होती," दिगंबरकाका म्हणाले. "रंग तर माझ्या हातात होता."

मग सोफ्याच्या कडेवरून आवाज आला, हळू, पण स्वच्छ.

"बोंबील तळत होता."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुमित्राबाई ताठ बसल्या होत्या.

"हळद-तिखट लावून. मी लहानपणी त्याला करून द्यायचे तसे. मला वास आला होता. मी म्हणाले होते."

"आई, ऐक ना," सत्यजितला कंठ फुटला. "यार, एकदा खावेसे वाटले. एकदा! अस्मिता घरात नव्हती. एडिसनहून आणले होते, गॅरेजच्या फ्रिजमध्ये लपवले होते. आणि शेगडी गाडीच्या सॉकेटला जोडायची ती केबल मी तुझ्यासाठीच बनवली होती, आई, शप्पथ! तुझी शेगडी इथे तापत नाही म्हणायचीस ना? मला वाटलं, दुप्पट व्होल्ट, दुप्पट तापेल. तेल तापायला वेळ आहे म्हणून मी बेल वाजली तेव्हा दार उघडायला गेलो. काकांनी सोडलंच नाही! परत येऊन बघतो तर कढई पेटलेली, बाजूला थर्माकोल..."

"दुप्पट!" नीलांबरी म्हणाली. तिच्याकडून राहवलं नाही. "इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊन दुप्पट!"

"डॉक्टरला सांगितलंस ना तू," अस्मिता म्हणाली. ती रागाने रडत होती. "आईंना माशांचा वास येतो म्हणून. तिथे मी होते शेजारी. तुला माहीत होतं की वास खरा आहे. तुला माहीत होतं! मला मासे खाल्लेले कळू नयेत म्हणून तू त्यांना वेडं ठरवलंस? मी काय केलं असतं? ओरडले असते दोन दिवस. आणि मी काल त्यांची बॅग भरली रे!"

"एकदा बोललो, मग मागे घेता येईना," सत्यजित पुटपुटला. "अध्यक्षपद, श्रावण, सगळे ग्रुपवर... आणि होम चांगलं आहे ते. मी चौकशी केली होती."

नीलांबरीने आपला मल्टिमीटर पिशवीत टाकला. तिने खुनी पाहिले होते, घरं जाळून पैसे उकळणारे पाहिले होते. इतका क्षुद्र माणूस तिने पाहिला नव्हता. एवढ्याशा मासळीच्या तुकड्यासाठी याने जन्मदात्या आईचं डोकं विकायला काढलं होतं.

सुमित्राबाई उठल्या. त्या नीलांबरीपाशी आल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"म्हणजे बटण मी बंद केलं होतं."

"हो, मावशी."

"आणि प्लग काढला होता."

"काढला होता. पुरावा आहे."

"आणि वासही खरा होता." त्यांनी डोळे मिटले. दोन थेंब गालावर आले, ते त्यांनी पुसले नाहीत. "बाई, तुझं भलं होवो. मला माझं डोकं परत दिलंस."

"आई, मी तिकीट कॅन्सल करते," अस्मिता म्हणाली. "आत्ताच."

"नको. तिकीट राहू दे. तळेगावला तेवढं कळव की मी येत नाही. अलिबागचं घर उघडायला बहिणीला सांगते. तू ये कधी राहायला. तुझं काही चुकलं नाही, तुला सांगितलं तेच तू धरून चाललीस."

सत्यजित आईपुढे येऊन उभा राहिला. चांगला वाढलेला, दाढी राखलेला माणूस, पण खालचा ओठ लहान पोरासारखा पुढे आला होता.

"आई, चुकलो मी. माफ कर ना. झालं गेलं, विसरून जा."

सुमित्राबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. अगदी नीट, एखादा चेहरा पाठ करून ठेवावा तसं.

"आता कशी विसरू, सत्या?" त्या म्हणाल्या. "आत्ताच तर ठरलं ना, की मी काही विसरत नाही."

आणि त्या आपली बॅग आपल्या हाताने पुन्हा भरायला आत गेल्या.